माझी गोष्ट ऐकवायला नाना गेले तेव्हा

आधी चहा घ्या. हातात कप असला की माणूस दुसऱ्याला फार बोल लावत नाही, आणि मी जो घोटाळा सांगणार आहे त्यात बोल लावण्यासारखं पुष्कळ आहे. हसू आलं तर खुशाल हसा. मीसुद्धा बरीच वर्षं हा किस्सा लोकांना हसवायलाच सांगतो. शेवटाकडे आलो की माझा आवाज जरा बसतो, तेवढं सांभाळून घ्या.

तर नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मस्कतला होतो. मोठा साहेब वगैरे नव्हतो हं! एअरकंडिशनिंगच्या कंपनीत ड्राफ्ट्समन. दिवसभर मोठमोठ्या इमारतींच्या छतातून गार हवेचे पत्र्याचे बोगदे कुठून न्यायचे त्याची चित्रं काढायची, आणि उरलेल्या वेळात आपण मराठी सिनेमाचे पटकथालेखक आहोत असं समजायचं. त्याआधी नाशकात अंबडच्या एका कारखान्यातही हेच दोन उद्योग करत होतो. फक्त पगार कमी होता.

घरी नाना एकटे. नाना म्हणजे माझे वडील. आई मी मस्कतला जायच्या आदल्या वर्षीच वारली. धाकटी बहीण सुमी लग्न करून नगरला. नाना फिटर म्हणून रिटायर झालेले, सिडकोतल्या दोन खोल्यांत आपली भाकरी आपणच थापत होते. दर फोनला मी त्यांना एकच सांगायचो, "नाना, एक पिक्चर लागू द्या. एकदा लागलं की मस्कतला रामराम. कायमचा घरी येतो."

आणि नाना ते खरं मानायचे. मी खोटं बोलत होतो असं नाही हो. मीही खरंच मानत होतो. पण रजा घेतली नाही तर तिचे पैसे मिळायचे, म्हणून मी मधल्या काळात साधा घरीसुद्धा आलो नव्हतो. सहा वर्षं झाली होती.

पटकथा तर लिहून तयार होती. बाप आणि मुलाची ताटातूट, असा विषय. बापाच्या तोंडी मी असे काही संवाद घातले होते की लिहिताना मलाच हुंदका यायचा. शेजारच्या खाटेवरचा केरळी गडी घाबरून विचारायचा, "घर में सब ठीक?"

पण लिहून उपयोग काय? आमच्या सिनेमाच्या धंद्याची एक रीत तुम्हाला माहीत नसेल. इथे पटकथा कोणी वाचत नाही. ऐकतात! निर्माता लोडाला टेकून बसणार आणि लेखकाने समोर बसून अख्खी गोष्ट ऐकवायची. मारामारीला हात उडवायचे, रडायच्या जागी डोळे पुसायचे. आता मस्कतहून मी कोणाला काय ऐकवणार?

त्याच सुमारास साहेबाच्या टेबलावर एक इंग्रजी मासिक हाताला लागलं. त्यात लिहिलं होतं की तिकडच्या देशांत लेखक स्वतः कुठे जातच नाही. त्याचा प्रतिनिधी असतो. तोच निर्मात्याला भेटतो, तोच बोलणी करतो. लेखकाने निर्मात्याशी थेट एक अक्षर बोलायचं नाही. बोलला की त्याचा मान गेला. मला हे इतकं पटलं म्हणता! मान नव्हता अजून, पण तो जाऊ नये याची काळजी मी आधीच घ्यायला लागलो.

पहिला प्रतिनिधी नेमला तो मावसभाऊ सुधीर. विमा विकायचा, बोलण्यात पटाईत. त्याला पाठवलं भाऊसाहेबांकडे. हे भाऊसाहेब मूळचे नामपूरचे, कांद्याचे व्यापारी. नाशकात येऊन गंगापूर रोडला मंगल कार्यालय बांधलेलं आणि हौसेने दोन मराठी पिक्चर काढलेले. दोन्ही आपटले, पण हौस शाबूत होती.

आठवड्याने सुधीरला फोन लावला.

"विनू, काम फत्ते!"

"खरं? काय म्हणाले?"

"दोघांचीही काढली. त्यांची आणि वहिनींची."

"काय काढली?"

"पॉलिसी रे! माणूस लाखाचा."

"अरे गाढवा, माझी गोष्ट?"

"ती राहिलीच बघ. पुढच्या हप्त्याला गेलो की काढतो विषय."

झालं. मग माझ्या सुपीक डोक्यात नाना आले.

आता नानाच का? सांगतो. आपल्याकडे अमरधाममध्ये अग्नी दिल्यावर लोक थोडं थांबतात, आणि कोणीतरी पुढे होऊन गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. आईच्या वेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. कोणी पुढे होईना. शेवटी नानाच उभे राहिले. साधंच बोलले. तिच्या हातच्या कळणाच्या भाकरीबद्दल, तिच्या भांडणांबद्दल. पण असे पोटातून बोलले की ज्यांच्याशी ती भांडली होती तेसुद्धा ढसाढसा रडले. तेव्हापासून आमच्या भागात कोणी गेलं की नानांना बोलावणं यायचं. नानाही बिचारे आधी त्या घरी जाऊन बसायचे, माणूस कसा होता, काय खायचा, कोणावर रागवायचा ते विचारून घ्यायचे, आणि मग बोलायचे. नाना बोलले आणि डोळे कोरडे राहिले असं कधी झालं नाही.

माझी पटकथा रडवणारी. नाना रडवणारे. मला वाटलं, जमलं! इथेच माती खाल्ली.

शेजारच्या पाटीलकाकूंकडे फोन करून नानांना बोलावून घेतलं.

"अरे विनू, मला स्मशानाबाहेर बोलायची सवय नाही रे."

"तसंच बोलायचं नाना. जागा फक्त वेगळी."

"पण सुरुवात कुठून करू?"

"आधी माझी ओळख करून द्या. लेखक कोण, कसा आहे, थोडं मनापासून सांगा. मग गोष्ट ऐकवा. मोठ्या लेखकांचे प्रतिनिधी असंच करतात."

नाना म्हणाले, "पिक्चर झालं की येशील ना पण?"

"झालं की आलोच."

"मग जातो."

एवढंच. बाकी एक प्रश्न विचारला नाही त्यांनी. रजेवर येणाऱ्या एका गड्याबरोबर मी पटकथा पाठवून दिली, आणि नाना इस्त्रीचा सदरा घालून, पटकथा कापडी पिशवीत घालून भाऊसाहेबांकडे गेले.

त्या दिवशी ऑफिसात मी चार बोगदे उलटे काढले. पुन्हा फोन लावला तेव्हा नाना अगदी हळू बोलत होते.

"झालं रे काम. पिक्चर करतो म्हणाले."

मी खुर्चीतून उडालो. "रडले का?"

"रडले. सगळेच. त्यांच्या मंडळीसुद्धा."

"कुठल्या प्रसंगाला?"

नाना अडखळले. "सुरुवातीपासूनच."

सुरुवातीपासून! अहो, माझ्या पहिल्या प्रसंगात एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरतो. त्यावर माणसं रडली! मी काय चीज लिहिलीय याचा मलाच पत्ता नव्हता. त्या रात्री अख्ख्या खोलीला मी बिर्याणी खाऊ घातली.

"विनू," नाना म्हणाले, "तुला त्यांच्याशी एकदा बोलायचं असेल, तर..."

"छे छे! लेखकाने थेट बोलायचं नसतं. मान जातो. तुम्हीच बघा सगळं."

"हां," नानांनी सुस्कारा सोडला. "तेच बरं पडेल."

बघा, माणूस सुस्कारा सोडतो तेव्हा विचारावं, का सोडला म्हणून. मी विचारलं नाही. मी मनात पोस्टरवर माझं नाव कुठे येईल ते बघत होतो.

मग मुहूर्त ठरला. मी म्हटलं, "नाना, मी येतो मुहूर्ताला."

"नको!" नाना जवळजवळ ओरडलेच. "अजिबात येऊ नकोस. कशाला उगीच खर्च? पिक्चर पुरं होऊ दे, मग कायमचाच ये की."

सहा वर्षं जो माणूस दर फोनला 'कधी येतोस' विचारत होता, तो म्हणतो येऊ नकोस! तुमच्या लक्षात आलं असतं. माझ्या आलं नाही. मला वाटलं, आपल्या पैशांची काळजी. किती साधा माणूस! आता त्यांना चकितच करू. साहेबाच्या केबिनमध्ये गेलो, रजा मागितली, आणि साहेबाने चक्क दिली.

विमानतळावरून टॅक्सी केली ती थेट नाशकात, गंगापूर रोडला. बॅग हातात तशीच. मंगल कार्यालयाच्या दारात एका गृहस्थाने माझ्या हातावर दोन झेंडूची फुलं ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "ओळीने चला."

आत बघतो तर काय! स्टेजवर माझा फोटो! अंबडच्या कंपनीतल्या ओळखपत्रावरचा, पण हा एवढा मोठा केलेला. त्याला मनगटाएवढा जाड हार. पुढे समई. आणि लोक रांगेने जाऊन माझ्या फोटोपुढे फुलं ठेवतायत!

तुम्ही म्हणाल, फोटोला हार घातलेला बघून मराठी माणसाला कळायला नको? अहो, कळतं. दुसऱ्याचा फोटो असला तर लगेच कळतं! स्वतःचा हारातला फोटो बघितला की माणसाला एवढंच वाटतं की चला, उशिरा का होईना, कदर झाली. माझे डोळे भरून आले. मी नम्रपणे रांगेत उभा राहिलो.

पुढच्या आजीबाई मागे वळून म्हणाल्या, "काय वय असंल हो?"

"चाळिशीसुद्धा नाही," मी लाजून सांगितलं.

"आई गं! आणि शेवटी बापाची भेट पण नाही झाली म्हणं."

"कोणाची?"

"अहो, या पोराची! परमुलखात गेलं, तिकडंच संपलं बिचारं."

माझ्या हातातली फुलं हातातच राहिली. मी वर बघितलं. स्टेजवर खुर्चीत नाना बसले होते, अंगावर शाल पांघरलेली. त्यांनी मला बघितलं. ते उठले, शाल खाली पडली, आणि त्यांच्या तोंडून आलं एवढंच, "विनू, रजा मिळाली?"

अख्खं कार्यालय माझ्याकडे वळलं. भाऊसाहेब मुहूर्ताचा नारळ हातात घेऊन उभे होते. एरवी नाशकात राहून मराठीत बोलणारा माणूस, पण गडबडला की गावची अहिराणी बाहेर यायची.

"हाऊ कोन शे?"

आणि यावर मी, मी शहाण्याने काय सांगावं? "मी लेखक!"

आजीबाई मटकन खाली बसल्या. भाऊसाहेबांच्या मंडळींनी आधी माझ्या पायांकडे बघितलं, पावलं उलटी आहेत की सुलटी ते. सुलटी आहेत असं दिसल्यावर त्या जास्तच घाबरल्या.

नंतर आम्ही तिघं कार्यालयाच्या मागच्या खोलीत, सतरंज्यांच्या ढिगावर बसलो. भाऊसाहेब नानांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. हिशेब मलाच द्यायचा होता.

"तुमचे वडील आले," ते म्हणाले. "उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. म्हनले, लेखकाविषयी दोन शब्द बोलतो. आन् मग जे बोलले! पोरगं शाळेतून येताना रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू खिशात घालून आनायचं. आई आजारी तर पोरगं तिच्या पायाशी बसून गोष्टी लिवायचं, तिला वाचून दाखवायचं. लय बोलले. माझी बाई तर दोन दिवस जेवली नाय. आन् शेवटी म्हनले, आपन सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या. राहिलो उभे! मानसाने उभं राहू नये तर काय करावं?"

"सवयीने निघून गेलं रे तोंडातून," नाना खाली बघत म्हणाले. "उभे राहिल्यावर लक्षात आलं. पण सगळे मान खाली घालून उभे असताना मधेच कसं बोलणार? तसं करत नाहीत."

"मग नंतर तरी सांगायचं ना!"

"नंतर यांनी मला मिठीच मारली. म्हणाले, नाना, पिक्चर करायचंच."

मी जरा सावरलो. म्हटलं, भाऊसाहेब, झाला तो घोटाळा झाला. मी जिवंत आहे, ही काही फार वाईट बातमी नाही. गोष्ट तर तुम्हाला आवडलीय ना?

"कोनती गोष्ट?"

"माझी! पटकथा!"

"ती कुठं ऐकली आम्ही? ती पिशवीतून भाईर निघालीच नाय. नानांनी जे सांगितलं, त्याचं पिक्चर करतोय आपन. त्या पोराचं."

"म्हणजे माझंच की!"

भाऊसाहेबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. इस्त्रीची पँट, परदेशी घड्याळ, चाकांची बॅग. आणि फार दुःखी आवाजात म्हणाले, "नाय हो. ते पोरगं वेगळं होतं. आन् तुम्ही जिते असले तर इंटरव्हलनंतर मी काय दाखवू?"

तरी मी सोडतो का? बॅगेतून दुसरी प्रत काढली आणि तिथेच, सतरंज्यांवर बसून, ऐकवायला सुरुवात केली. भाऊसाहेबांनी माणुसकी म्हणून ऐकलं. सायकलमध्ये हवा भरून झाली. कोणी रडलं नाही. मग आला बापाचा मोठा प्रसंग, ज्यावर मस्कतमध्ये माझा हुंदका निघायचा. मी उभा राहिलो, आवाज चढवला, हात पसरले, 'हे नियती, तू माझ्या काळजाचा तुकडा' वगैरे सगळं म्हटलं.

भाऊसाहेबांनी नानांना विचारलं, "नाना, तुम्ही असं बोलतात व्हय?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना फार वाटत होतं हो म्हणावं. पण खोटं बोलायचा त्यांचा साठा त्या महिन्यात संपला होता. "मी इतकं कुठे बोलतो?" ते पुटपुटले.

भाऊसाहेबांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जेवून जा मात्र. मसालेभात फस्क्लास झालाय."

आणि आम्ही जेवलो! काय करणार? पंगतीत वाढपी माझ्यासमोर आला की थबकायचा आणि जरा लांबूनच वाढायचा. वर स्टेजवर कोणीतरी माझ्या फोटोचा हार काढत होतं. पिक्चर गेलं ते गेलं. भाऊसाहेबांनी पुढे कधी तिसरं काढल्याचं ऐकलं नाही.

रिक्षात बसलो. बॅग माझ्या मांडीवर, पिशवी नानांच्या मांडीवर. कॉलेज रोड मागे पडला. मग नानांनीच विचारलं, "रजा लगेच मिळाली?"

"हो. मागितली आणि मिळाली."

"सुमीच्या लग्नाला नव्हती मिळाली."

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मी भांडलो असतो. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. सुमीच्या लग्नाला मी रजा मागितलीच नव्हती, हे मी त्यांना त्या दिवशीही सांगितलं नाही. उलट मीच आवाज चढवला.

"पण नाना, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? जिवंत मुलाला मेला म्हणून फोटो दिलात, हार घालू दिलात!"

"वाटलं ना. रोज वाटायचं. देवापुढे नाक घासायचो. पण म्हटलं, पिक्चर झालं की तू येणार. तेवढ्यासाठी थोडे दिवस लोकांच्या लेखी नसलास तर नसलास. मला ठाऊक होतं ना, तू आहेस म्हणून."

तरी मी विचारलंच, लेखक ना! "पण मुळात असं भाषण तुम्ही केलंतच का? मी नुसती ओळख करून द्या म्हटलं होतं."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. नाना पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"ओळखच करून देत होतो रे. पण सांगायला लागलो तर सगळं जुनंच आठवायला लागलं. ते पिल्लू, तुझी शाळा, आईपाशी बसायचास ते. म्हटलं, अलीकडचंही काही सांगावं, तर काही सापडेचना. फोनवर तू पिक्चरचं बोलतोस आणि पगाराचं. ते काय सांगायचं लोकांना? आणि ज्याचं सगळं जुनंच आठवतं, त्याच्याबद्दल बोलायची मला ती एकच पद्धत येते."

आता तुम्हीच सांगा. सहा वर्षं मी बापाच्या तोंडचे संवाद लिहीत होतो. पानंच्या पानं! त्यात असं एक वाक्य मला लिहिता आलं नव्हतं. ते ऐकून मी काय करायला हवं होतं? त्यांचा हात धरायचा. काही सुचलं नसतं तर नुसतं गप्प बसायचं.

पण मी पडलो हाडाचा संवादलेखक. बापाचं वाक्य संपलं की मुलाचं आलंच पाहिजे. मी म्हणालो, "नाना, परवाचं परतीचं तिकीट आहे."